जुन्या घरांचा वैद्य : पॅट्रिक गेडिस

पर्यावरणस्नेही घर म्हटले, की गच्चीवरचे सौर पॅनेल, पावसाचे पाणी साठवणारी टाकी, उष्णता अडवणाऱ्या काचा आणि कमी वीज खाणारे दिवे डोळ्यांपुढे येतात. या साऱ्या गोष्टी आपापल्या जागी मोलाच्याच आहेत. मात्र त्यांच्याही आधी एक मूलभूत प्रश्न उभा असतो. जे घर उभे आहे ते पाडायचे, की त्याची डागडुजी करून ते पुन्हा नांदते करायचे? घर पाडले म्हणजे त्याच्या विटा, दगड, लाकूड आणि ते घडविण्यासाठी खर्ची पडलेले इंधन व श्रम मलब्यात जातात. नव्यासाठी पुन्हा भट्ट्या पेटवाव्या लागतात. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के उत्सर्जन केवळ सिमेंटच्या निर्मितीतून होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य कळते. हा हिशेब मांडण्याची आजची परिभाषा अस्तित्वात नव्हती, त्या काळात एका वनस्पतिशास्त्रज्ञाने जुनी घरे वाचवण्याची एक पद्धत घालून दिली. तिचा पहिला प्रयोग त्याने स्वतःच्या बिऱ्हाडावर केला आणि पुढे ती तंजावरपासून इंदूरपर्यंत नेली. सर पॅट्रिक गेडिस हे त्याचे नाव.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. पॅट्रिक लहान असतानाच हे कुटुंब पर्थ शहराजवळच्या टेकडीवरील एका छोट्या घरात राहावयास गेले. घराभोवती बाग होती. निवृत्त सैनिकाने आपल्या धाकट्या मुलाला बटाटे लावण्यापासून फुलझाडे जोपासण्यापर्यंत सारे काही शिकवले. झाड जिथे उगवते तिथली माती, ऊन आणि पाणी समजून घेतल्याखेरीज झाड समजत नाही, हा धडा मुलाने त्या बागेत गिरवला. पुढे घरे आणि शहरे पाहतानाही त्यांनी हीच दृष्टी वापरली.

मुलाने स्थिर नोकरी धरावी या इच्छेने वडिलांनी त्यांना काही काळ बँकेत उमेदवारी करावयास लावली. पण आकडेमोडीत त्यांचे मन रमले नाही. वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी ते एडिंबरा विद्यापीठात दाखल झाले आणि आठवडाभरातच तेथून बाहेर पडले. वाळवलेल्या झाडांच्या नमुन्यांना नावे देण्याचे शास्त्र त्यांना निर्जीव वाटले. त्यानंतर लंडनला डार्विनचे खंदे पुरस्कर्ते टी. एच. हक्सले यांच्या हाताखाली त्यांनी प्राणिशास्त्राचे धडे घेतले. पुढे फ्रान्समध्ये समाजशास्त्रज्ञ फ्रेडरिक ल प्ले यांच्या विचारांशी त्यांचा परिचय झाला. स्थळ, काम आणि कुटुंब या तिहींचा एकत्र विचार केल्याशिवाय समाज कळत नाही, हे ल प्ले यांचे सूत्र गेडिस यांनी आपलेसे केले.

१८७९ साली संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले आणि तेथे त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. दृष्टी अचानक गेली. डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत कित्येक आठवडे पडून राहण्याची पाळी पंचविशीतल्या या तरुण शास्त्रज्ञावर आली. याच काळात खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपताना त्यांना एक कल्पना सुचली. प्रत्येक चौकटीत एकेक कल्पना ठेवून त्यांचे परस्परसंबंध जुळवण्याचा खेळ ते मनाशी खेळू लागले. कागदाला घड्या घालून केलेले असे तक्ते पुढे आयुष्यभर त्यांच्या विचारांचे साधन बनले. दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणे आता शक्य नव्हते. सूक्ष्म जीवांच्या अभ्यासात ज्याचे नाव होऊ लागले होते, तो संशोधक हळूहळू माणसांच्या वस्तीकडे वळला.

एडिंबरा शहराची त्या वेळी दोन रूपे होती. उत्तरेला रुंद रस्त्यांचे, प्रशस्त घरांचे नवे शहर आणि किल्ल्याच्या उतारावर दाटीवाटीने उभे असलेले जुने शहर. एके काळी जुन्या शहरात सरदार, न्यायाधीश आणि पंडित राहत असत. नवे शहर वसले तसे धनिक तिकडे निघून गेले आणि सहा-सात मजली दगडी इमारतींच्या एकेका खोलीत गरिबांची कुटुंबे कोंबली गेली. १८६१ च्या नोव्हेंबरात यातली एक इमारत रात्रीच्या वेळी कोसळून ३५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १८६७ साली सुधारणेचा कायदा झाला. जुन्या गल्ल्या पाडून तेथून रुंद रस्ते काढण्यात आले. रस्ते झाले, परंतु ज्यांची घरे पाडली गेली, ते लोक उरलेल्या इमारतींत आणखी दाटीने राहू लागले. रोग एका गल्लीतून उठून दुसऱ्या गल्लीत गेला, एवढेच घडले.

१८८६ साली गेडिस यांचा विवाह लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याची कन्या ॲना मॉर्टन हिच्याशी झाला. संगीताची जाण असलेली ही सुसंस्कृत युवती समाजकार्यातही रस घेत असे. नवदांपत्याने नव्या शहरातील आपले सुखवस्तू बिऱ्हाड लवकरच सोडले आणि जुन्या शहरातील जेम्स कोर्ट या पडक्या इमारतीत संसार थाटला. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांचे कधी काळी वास्तव्य असलेली ही वास्तू तेव्हा अगदी रया गेलेली होती. ॲनाच्या दृष्टीने हा निर्णय सोपा नव्हता. थोड्याच काळात तेथे पहिले मूलही आले. तरीही दोघांनी कंबर कसली. केरकचरा उपसला, भिंती खरवडून त्यांवर चुन्याची सफेदी दिली, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या. शेजाऱ्यांना उपदेश करण्याऐवजी त्यांच्यासोबत हाती झाडू आणि कुंचला घेतला. पाहता पाहता शेजारीही आपापल्या खोल्या रंगवू लागले.

चुन्याची ही सफेदी स्वस्त होती, एवढेच तिचे महत्त्व नव्हते. चुना क्षारधर्मी असल्यामुळे बुरशी आणि जंतूंना आळा घालतो, अंधाऱ्या बोळात उजेड परतवतो आणि जुन्या दगडी भिंतीतील ओल बाहेर पडू देतो. अशाच भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला, तर ओल आतल्या आत कोंडून भिंत खचते, असा अनुभव आज जुन्या वास्तूंची दुरुस्ती करणारे वास्तुविशारद जगभर सांगतात. जुन्या घराला जुन्याच जातीचे साहित्य मानवते, हे तत्त्व आता पर्यावरणस्नेही दुरुस्तीचा पाया मानले जाते.

जेम्स कोर्टच्या अनुभवातून गेडिस यांची पद्धत आकाराला आली. तिला त्यांनी वैद्यकातील शब्द वापरला. रोगट भाग तेवढा काढून बाकीचे शरीर वाचवणारी शस्त्रक्रिया, असे तिचे स्वरूप होते. प्रथम संपूर्ण वस्ती पायी फिरून पाहायची, प्रत्येक घराची स्थिती नोंदवायची. चौकात मागाहून उभ्या केलेल्या टपऱ्या आणि वाढवलेल्या खोल्या ज्या ठिकाणी हवा व उजेड अडवतात, तेवढ्याच काढायच्या. कोसळायच्या बेतात आलेले एखादे घर उतरवले, तर त्या जागी मुलांना खेळायला अंगण किंवा छोटी बाग करायची. मजबूत भिंती, जिने, तुळया मात्र जशाच्या तशा राखायच्या. निदानाआधी उपचार करणारा वैद्य जसा घातकी, तसाच पाहणी न करता नकाशावर पट्टीने रेषा मारणारा नगररचनाकारही घातकी, अशी त्यांची धारणा होती.

१८८७ साली त्यांनी जुन्या शहरातील दुरुस्त केलेल्या घरांत विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. स्कॉटलंडमधील हे पहिले स्वयंशासित विद्यार्थी-वसतिगृह होय. १८८८ साली डंडी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. शिकवणे उन्हाळी सत्रापुरतेच असल्याने उरलेले वर्ष त्यांना एडिंबरातील कामासाठी मिळे. १८९० च्या दशकाच्या आरंभी किल्ल्याजवळ रॅमझी गार्डन ही देखणी गृहरचना उभी राहिली. तीत आधीची घरे सामावून घेऊन त्यांभोवती नवे बांधकाम गुंफले होते. १८९२ साली त्यांनी शेजारची एक जुनी वेधशाळा ताब्यात घेतली आणि आउटलुक टॉवर या नावाने तिचे नागरी संग्रहालय केले. सर्वांत वर छायाचित्रासारखे जिवंत दृश्य पडद्यावर पाडणारी दुर्बीण-खोली, खाली शहर, मग देश, मग जग, अशी मजल्यामजल्याने मांडणी होती. आपले घर विशाल जगाशी कसे जोडलेले आहे, हे सामान्य नागरिकाला पायऱ्या चढता-उतरता समजावे, ही त्यामागची दृष्टी.

या मनोऱ्याच्या कार्यकर्त्यांनी पुढे जुन्या शहरातील पडीक मोकळ्या जागांची पाहणी केली. अशा ७६ जागा भरल्या. त्यांचे एकूण क्षेत्र सुमारे १० एकर होते. त्यांपैकी काही जागांवर शाळकरी मुले आणि शेजारी यांच्या हातून बागा फुलल्या. गेडिस यांची कन्या नोरा हिने या कामात पुढाकार घेतला होता. साऱ्या जीवसृष्टीचा आधार हिरवे पान आहे. नाणी आणि नोटा नव्हेत, असे मानणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या घरातूनच हे काम उभे राहावे, हे स्वाभाविक होते.

या उद्योगाला एक दुखरी बाजूही होती. गेडिस यांचा व्यवहार कच्चा होता. हाती पैसा नसताना ते इमारती घेत. ॲनाचा वारसाहक्काचा पैसाही त्यात गेला. अखेर १८९६ साली मित्रांनी एक मंडळी स्थापून त्यांच्या मालमत्तेचा भार उचलला, तेव्हा कुठे ते कर्जातून तगले. शिवाय सुधारलेली घरे आकर्षक होताच तेथे प्राध्यापक, कलावंत आणि विद्यार्थी राहू लागले. ज्या गरिबांसाठी वस्ती सुधारायची, त्यांचे तेथे टिकून राहणे कसे साधायचे, या प्रश्नाचे पुरते उत्तर रॅमझी गार्डनमध्येही सापडत नाही. आजच्या प्रत्येक पुनर्विकासात हाच प्रश्न नव्याने उभा राहतो.

१९१० पासून गेडिस यांचे नगररचनेचे प्रदर्शन गाजू लागले. ते पाहून मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना हिंदुस्थानात बोलावले. १९१४ साली गेडिस निघाले. पण प्रदर्शनाचे सारे नकाशे, चित्रे आणि नमुने ज्या ‘क्लॅन ग्रँट’ जहाजावर होते, ते जहाज जर्मनांच्या ‘एम्डेन’ या युद्धनौकेने बुडवले. अनेक वर्षांची जमवाजमव समुद्राच्या तळाशी गेली. साठीला आलेला हा गृहस्थ खचला नाही. युरोपातील मित्रांनी घाईघाईने नवी सामग्री गोळा करून पाठवली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरले.

योगायोगाने त्याच वर्षी मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. देशातील अशा प्रकारचा हा पहिला कायदा. गेडिस यांनी ठाणे, वांद्रे, सुरत, अहमदाबाद आदी गावांची पाहणी करून अहवाल लिहिले. पुढील चार-पाच वर्षांत बडोदे, लखनौ, ढाका, लाहोर, बलरामपूर, कपूरथळा अशा कितीतरी शहरांसाठी त्यांनी असेच अहवाल तयार केले. भल्या पहाटे नकाशाची गुंडाळी काखेत मारून ते गल्लीबोळांतून निघत. अभियंत्यांनी आखलेले सरळ रुंद रस्ते जिथून जाणार, तिथली घरे, देवळे, विहिरी आणि झाडे ते एकेक करून पाहत. तंजावरच्या दाट वस्तीतून चौकटी-चौकटींचे रस्ते काढण्याचा बेत त्यांनी तपासला आणि तेच उद्दिष्ट मोजकी पडकी घरे हलवून, मूळ खर्चाच्या लहानशा अंशात साधता येते, हे आकडेमोडीनिशी दाखवून दिले.

हिंदुस्थानातील अरुंद गल्ल्या म्हणजे केवळ मागासलेपणा, हे मत त्यांना मान्य नव्हते. रणरणत्या उन्हात जवळजवळ उभ्या भिंती एकमेकींवर सावली धरतात. घरातला चौक गरम हवा वर सोडतो आणि खोल्यांना वारा देतो. ओटा हे घर आणि रस्ता यांच्यामधले निवांत ठिकाण असते. हे सारे पाडून उघड्या रुंद रस्त्यालगत बराकी उभारल्या, तर धूळ आणि उकाडाच वाढतो, हे त्यांनी पटवून देण्याचा प्रयत्न केला. हिवतापाच्या भीतीने गावोगावची तळी बुजवण्याची मोहीम तेव्हा जोरात होती. तळ्यांमुळे हवा थंड राहते, विहिरींना पाणी मिळते आणि पूर सामावला जातो. डासांच्या अळ्या खाणारे मासे त्यांत सोडावेत, तळी मात्र राखावीत, असा त्यांचा आग्रह होता. सांडपाणी नुसतेच नदीत सोडण्यापेक्षा ते बागांना द्यावे, असेही त्यांनी सुचवले. आजच्या हरित बांधकामाच्या निकषांत यातील बहुतेक गोष्टी वेगळ्या नावांनी सापडतात.

इंदूर हे त्यांच्या हिंदी कारकिर्दीतील सर्वांत संस्मरणीय पर्व. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या राज्यात प्लेगने लोक हवालदिल झाले होते. घरे पाडणारा साहेब आला, या संशयाने लोक गेडिस यांच्याकडे वैरभावाने पाहत. तेव्हा त्यांनी दरबाराकडून एका दिवसापुरते जणू महाराजपद मागून घेतले आणि दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती घेतली. मिरवणूक ठरलेल्या मार्गाने न जाता, ज्या आळीत सर्वाधिक घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून तयार असतील, तेथून जाईल, अशी दवंडी पिटली गेली. कचरा फुकट उचलण्याची सोय केली. मग काय, आळीआळीत चढाओढ लागली. गाड्यांवर गाड्या भरून कचरा शहराबाहेर गेला, भिंती सारवल्या-रंगवल्या गेल्या, मोडकी दारे बसवली गेली. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेग पसरवणारा भलामोठा उंदीर होता. त्यांच्यामागून शुभ्र वस्त्रे आणि फुलांच्या माळा घातलेले शहराचे सफाई कामगार सन्मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले आणि तुळशीची रोपे घरोघरी वाटण्यात आली. प्लेगचा हंगामही तेव्हा सरत आलाच होता. तरीही साथ ओसरली, लोकांचे भय गेले आणि नगररचनाकाराविषयीची अढी सुटली.

ज्या काळात हे काम चालू होते, तोच त्यांच्या आयुष्यातला सर्वांत काळा काळ होता. १९१७ च्या एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलस्टर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. ती तार आली तेव्हा ॲना हिंदुस्थानातच विषमज्वराने अंथरुणाला खिळली होती. गेडिस यांनी ती बातमी तिच्यापासून लपवली आणि मुलाची जुनी पत्रे तिला वाचून दाखवत राहिले. काही आठवड्यांतच ॲना गेली. मुलगा या जगात नाही, हे तिला अखेरपर्यंत कळले नाही. जेम्स कोर्टच्या पडक्या खोल्यांना घरपण देणारी जोडीदारीण आणि आपल्या कार्याचा वारस, दोघेही एकाच वर्षी गमावून गेडिस पुन्हा नकाशांकडे वळले.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांचे बोलणे एका विषयावरून दुसऱ्यावर झेपावणारे, दाढी-मिशांत विरून जाणारे. विद्यार्थ्यांची त्यामुळे तारांबळ उडे. मात्र त्यांनी एक रत्न अचूक हेरले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे संस्कृतचे तरुण अध्यापक. त्यांची उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला निवड झाली ती गेडिस यांच्या शिफारशीवरून. घुर्ये यांनी परत येऊन १९२४ साली विभागाची धुरा सांभाळली आणि भारतीय समाजशास्त्राची एक पिढी घडवली. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्रही गेडिस यांनी याच काळात, १९२० साली लिहिले.

१९२४ साली प्रकृतीच्या कारणाने ते दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे स्थायिक झाले. १९२५ साली त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा केला. त्या आराखड्यावर उभा राहिलेला शहराचा भाग २००३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. १९३२ साली त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले.

हिंदुस्थानासाठी लिहिलेल्या त्यांच्या अहवालांपैकी बरेचसे कपाटांतच राहिले. पाडून बांधण्यात कंत्राटदाराला दिसणारा नफा दुरुस्तीत दिसत नाही. शिवाय दुरुस्तीला घरोघर फिरून पाहणारा, माणसांशी बोलणारा तज्ज्ञ लागतो. पुण्यातील वाडे आणि मुंबईतील चाळी यांच्या बाबतीत हीच अडचण आजही आहे. प्रत्येक जुनी इमारत वाचवता येते, असा गेडिस यांचाही दावा नव्हता. धोकादायक ते उतरवावे, हे त्यांच्या पद्धतीतच होते. परंतु उतरवण्यापूर्वी कोणती भिंत भक्कम आहे, कोणती सागवानी तुळई अजून शंभर वर्षे टिकेल, कोणत्या बंद केलेल्या खिडकीने घरातला वारा अडला आहे, अंगणातील विहीर उपसली तर पाणी मिळेल का आणि सुधारलेल्या घरात आजचाच भाडेकरू राहू शकेल का, एवढे पाहावे, हे त्यांचे किमान मागणे होते. एडिंबरातील रिडल्स कोर्ट ही त्यांनी विद्यार्थ्यांच्या निवासासाठी दुरुस्त करवून घेतलेली जुनी वास्तू २०१७ साली पुन्हा एकदा डागडुजी होऊन खुली झाली. पॅट्रिक गेडिस केंद्र म्हणून ती वापरली जाऊ लागली.